लाइव्हअबोर्ड रद्द झाली की नशिबाला दोष द्यायचा?

दर्याभरती: काल बुडबुड्याने इथे ठासून लिहिलं, 'समुद्राच्या ट्रिपा रद्द होणारच. रिफंडची काळजी असेल तर गोव्यात ग्रँड आयलंडला डुबकी मारा.' डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय. (लाइव्हअबोर्ड म्हणजे काही दिवस राहून रोज डाइव्ह मारायची बोट.)

हवा बिघडून इंडोनेशियातलं लाबुआन बाजोचं बंदर बंद झालं, कोमोडोला एकही बोट सुटली नाही, तर कोण कुरकुर करेल? पण आमची ट्रिप रद्द झाली तेव्हा समुद्र तळ्यासारखा शांत होता. निघायच्या आठवड्यात मेल आला, 'तांत्रिक कारण'. धक्क्यावरच्या पोराने खरं सांगितलं: पुरेसं बुकिंगच झालं नव्हतं, मालकाला डिझेल परवडेना. पैशांऐवजी व्हाउचर हातात. मुंबईहून बालीमार्गे विमानाचं भाडं गेलं ते गेलंच.

किती बर्थ भरले की बोट नक्की सुटते, आणि नाही सुटली तर रोख परत की व्हाउचर, हे ॲडव्हान्सआधी लेखी घ्या. गोलमोल उत्तर आलं तर तिथूनच रामराम.

बुडबुडा_पुणे: दादा, स्वस्तातली बोट शोधली असणार. २४ नोव्हेंबर २०२४ ला इजिप्तच्या पोर्ट घालिबहून 'सी स्टोरी' सुटली, उंच लाटांचा इशारा असताना. दुसऱ्या दिवशी पहाटे बुडाली. चार मृतदेह मिळाले, सात जण बेपत्ता. ती रद्द झाली असती तर तेही तुमच्यासारखे रिफंडसाठी बोंबलले असते, पण जिवंत असते.

दर्याभरती: मग मी काय वेगळं म्हणतोय? इशारा पाळून न निघणारा मालक हवाच. बर्थ रिकामे म्हणून न निघणारा आणि वर 'तांत्रिक' म्हणणारा नको. दोघांना एका माळेत ओवू नका.

मालवणचो_झील: इतक्या लांब कशाक? तारकर्लीक येवा. दर्यो खवळलो तर घराक जावा, पैसे बुडाचो प्रश्नच नाय.

काचेचा_चष्मा: तारकर्ली! सिलिंडरला धरून पंधरा मिनिटं फिरवतात आणि व्हिडिओचे पैसे वेगळे. मे २०२२ मध्ये स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटक गेले, ते विसरलात?

मालवणचो_झील: एका बोटीवरून सगळ्या मालवणाक शिव्या? तुमच्या मुंबयकारांका लाइफ जॅकेट घाल म्हटला तर फोटो खराब होता म्हणतत!

काचेचा_चष्मा: मग घेऊ नका ना बोटीत.

मालवणचो_झील: गिऱ्हाईक परत धाडून पोट कोण भरतला, तुम्ही? मे संपता संपता सगळा बंद, ता सप्टेंबराक उघडता. एसीत बसून शिकवतत!

काचेचा_चष्मा: पोटाचं कारण लाबुआन बाजोच्या मालकाकडेही होतं. त्याने निदान कुणाला बुडवलं नाही.

दर्याभरती: मला बुडवलं की! धागा माझा आहे, विसरू नका.

ठाणेकरीण: विमा नव्हता का?

दर्याभरती: होता. आजारपण, घरातला मृत्यू यादीत. मालकाने बोट रद्द करणं यादीत नाही. दावा नामंजूर. डाइव्हचा विमा वेगळा काढलेला, तो उपचारांपुरता.

ठाणेकरीण: पैसे भरले कसे? क्रेडिट कार्ड असेल तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डावरून गेलेले पैसे परत, मागा. एजंटच्या खात्यात थेट पाठवले असतील तर बसा व्हाउचर कुरवाळत. आणि उरलेली रक्कम कधी भरायची तेही बघा. लवकर भरणाऱ्याला सूट देणाऱ्या मालकाला पैशांची घाई का आहे, ते आधी विचारावं.

बुडबुडा_पुणे: बरं बाई, कार्डाचं पटलं. आता कार्डावर सरचार्ज लागला म्हणून दर्याभरती नवा धागा काढतील.

मालवणचो_झील: आमच्याकडे सरचार्ज नाय, जीपे चलता. येवा, कोकण आपलोच असा. चष्मेवाल्यांनी जॅकेट घालून येवा.