कुटुंबांतील रोगारंभाच्या वयासाठी कोणती सांख्यिकीय पद्धत वापरावी?

विदुला_संख्या: नमस्कार. पदव्युत्तर प्रकल्पासाठी माझ्याकडे मायोटोनिक डिस्ट्रॉफी (स्नायू कमकुवत करणारा आनुवंशिक रोग) असलेल्या काही कुटुंबांच्या वंशावळी आहेत. पालक व अपत्य यांच्या जोड्या लावल्यावर अपत्यांमध्ये लक्षणे बरीच आधी सुरू झालेली दिसतात. जोडीनुसार टी-चाचणी (जोड्यांतील सरासरी फरक तपासणारी) पुरेशी होईल का?

वंशवेल: टी-चाचणी करू नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण तिच्यात जोडीतील दोघेही आजारी असलेलीच कुटुंबे येतात. लहान वयातच तीव्र आजार झालेल्यांना सहसा अपत्ये होत नाहीत, त्यामुळे पालकांमध्ये उशिरा आजारी पडलेलेच उरतात; उलट जी अपत्ये पुढे पन्नाशीत आजारी पडतील, ती आज निरोगी असल्याने जोडीत येतच नाहीत. ब्रिटिश आनुवंशिकीतज्ज्ञ लायोनेल पेनरोज यांनी १९४८ साली याच रोगाबाबत हा आक्षेप घेतला आणि पिढीगणिक रोग लवकर येतो ही कल्पना कित्येक वर्षे मागे पडली. १९९२ मध्ये एकोणिसाव्या गुणसूत्रावरील सीटीजी पुनरावृत्तींचा (डीएनएतील सी-टी-जी या तीन अक्षरांच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या क्रमाचा) शोध लागला, त्या पुढच्या पिढीत वाढतात हे दिसले आणि परिणाम खरा ठरला. तरीही आक्षेपातील सांख्यिकीय मुद्दा आजही तितकाच खरा आहे, कारण खरा परिणाम आणि निवडीचा आभास एकाच माहितीत मिसळलेले असू शकतात.

म्हणून निरोगी भावंडेही घ्यावीत आणि त्यांचे आजचे वय सेन्सॉर केलेली नोंद (या वयापर्यंत आजार नाही, पुढचे माहीत नाही) म्हणून धरावे.

गॅमा_फ्रेल्टी: सहमत आहे. पुढची पायरी म्हणजे कॉक्स प्रतिमानात (घटना घडेपर्यंतच्या काळाचे विश्लेषण करणाऱ्या प्रतिमानात) कुटुंबाचा यादृच्छिक परिणाम, म्हणजेच फ्रेल्टी, घालणे. साध्या सामायिक फ्रेल्टीत कुटुंबातील सर्वांचा वाटा सारखाच धरला जातो. 'आर' या सांख्यिकी संगणकप्रणालीतील 'कॉक्समी' या पॅकेजला नातेसंबंधाची सारणी दिली, तर भावंडे व चुलत भावंडे यांतला फरक राखता येतो. पुनरावृत्तींची संख्या उपलब्ध असल्यास तीही घालावी, मात्र रक्तपेशींतील ही संख्या वयासोबत वाढत असल्याने नमुना कोणत्या वयात घेतला, याची नोंद हवीच.

विदुला_संख्या: आभारी आहे. ज्या रुग्णामुळे कुटुंब अभ्यासात आले, त्याला वगळावे का?

वंशवेल: वगळणे हा सोपा उपाय आहे, पण कुटुंबे लहान असतील तर त्यात फार माहिती जाते, निवडीच्या अटीवर आधारित सशर्त लाइकलिहुड (कुटुंब अभ्यासात आले हे गृहीत धरून मिळालेल्या माहितीची शक्यता) मांडता आले तर ते अधिक चांगले. शिवाय निदानाचे वय हे आरंभाचे वय समजू नये. या रोगात पुष्कळदा बाळाच्या निदानानंतरच आईची तपासणी होते, म्हणून तिची लक्षणे कधी सुरू झाली हे स्वतंत्रपणे विचारून नोंदवावे.