मदत हवी आहे: लॅब्रॅडॉर कुत्र्याची खाज आणि एलिमिनेशन डाएट

आमचा लॅब, 4 वर्षांचा नर, सारखे पंजे चाटतो, काखेत नि पोटाखाली लाल चट्टे आलेत आणि अंगाला कुबट वास येतो. स्किन स्क्रेपिंगमध्ये (त्वचा खरवडून तपासणी) माइट्स (खरजेचे बारीक किडे) नाहीत, टेप टेस्टमध्ये (त्वचेवर चिकटपट्टी लावून तपासणी) यीस्ट (एक बुरशी) निघालं. क्लोरहेक्सिडीन-मायकोनाझोल शाम्पू आठवड्यातून दोनदा लावतोय, फेस 10 मिनिटं ठेवूनच धुतो, पण शाम्पू बंद केला की परत तेच. डॉक्टर म्हणतात मुळात अ‍ॅलर्जी असणार, आधी 8 आठवडे एलिमिनेशन डाएट करू, म्हणजे नेहमीचं खाणं बंद करून त्याने आधी न खाल्लेलं ठराविक अन्नच द्यायचं. (खोबरेल तेल प्लीज सुचवू नका, तो चाटून साफ करतो!) ज्यांनी हे डाएट केलंय त्यांनी सांगा, शाम्पू चालूच असेल तर फरक डाएटने पडला की शाम्पूने हे कसं ओळखलंत? आणि गोचिडांची चघळायची गोळी फ्लेवरवाली आहे, त्या फ्लेवरने डाएट बिघडू नये म्हणून तेवढ्या काळात ती बदलून मानेवर सोडायचं औषध घेतलंत का?