नळ बंद असूनही विहिरीवरचा पंप थांबत नाही

प्रश्न:
विहिरीत १ एचपीचा ओपनवेल सबमर्सिबल (पाण्यात बुडवलेला पंप), घरात प्रेशर टँक आणि प्रेशर स्विच (दाब १.४ बारला उतरला की पंप चालू, २.८ ला बंद). पावसाळ्यात तक्रार नव्हती. मे लागल्यापासून सगळे नळ बंद असले तरी पंप चालूच, प्रेशर गेजचा काटा २.१ वर अडकतो. एमसीबी पाडूनच थांबवावा लागतो. स्विच बदलू का?

उत्तर १:
नको. स्विचचे पॉइंट चिकटले असते किंवा त्याची बारीक नळी गाळाने तुंबली असती, तर काटा २.८ च्या पुढे गेला असता. इथे दाबच तिथवर पोचत नाही. पंप बंद करा, टँकनंतरचा घराकडचा व्हॉल्व्हही बंद करा आणि दहा मिनिटं काटा बघा. उतरला तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं विहिरीत जाऊ न देणारी झडप) पाणी मागे सोडतोय. नाही उतरला तर पंपाच्या प्लेटवरचं कमाल हेड (पंप जास्तीत जास्त किती उंच पाणी ढकलू शकतो ते) आणि पाण्याची पातळी कळवा.

प्रश्नकर्ता:
काटा हलला नाही. कमाल हेड ४० मीटर. पाणी काठापासून १४ मीटर खाली, पावसाळ्यात ५ वर असतं. गेज काठाहून ४ मीटर उंच.

उत्तर २:
मग पंप धडधाकट आहे. १ बार म्हणजे साधारण १०.२ मीटर पाणी. पावसाळ्यात ४० - ५ - ४ = ३१ मीटर, म्हणजे ३ बार; स्विच पंप बंद करतो. आता ४० - १४ - ४ = २२, म्हणजे जेमतेम २.१५. रात्रभर चालला तरी २.८ येणार नाही. (काटा दीडवरच अडकला असता तर इंपेलर (पंपातलं पाणी ढकलणारं चाक) झिजलाय किंवा विहिरीतला पाइप फुटलाय असं धरलं असतं.)

स्विच ०.९ ला चालू, १.९ ला बंद असा लावा. झाकणाखाली २३० व्होल्ट असतात, एमसीबी पाडूनच उघडा. सहसा मोठा नट सैल केला की दोन्ही दाब उतरतात, छोट्याने फक्त बंद होण्याचा. अर्धा-अर्धा फेरा द्या, दर वेळी पंप चालवून गेज बघा. मग नळ उघडून टँक रिकामा करा आणि त्यातली हवा ०.८ बार ठेवा. टायरचं गेज चालतं. हे विसरलात तर पंप सारखा चालू-बंद होईल.

उत्तर ३:
०.९ बारचा दाब शॉवरला कमी पडेल असं वाटेल. जास्त हेडचा पंप घ्यायचा तर ५५ मीटरचा लागेल, पण पावसाळ्यात स्विच अडकला तर तोच साडेचार बार देईल. पाइप ४ केजीचा (साधारण ४ बार दाब सोसणारा) असेल तर आधी ६ केजीचा टाका. आणि तोवर पंप असा बंद नळांवर चालू ठेवू नका. आतलं पाणी तापून सील जातं.