सत्तेचाळीसला पोलीस नवे घ्यायला हवे होते का?

वाटसरू: परवा इथं कुणीतरी लिहिलं, ‘१९४७ला जुने पोलीस घरी बसवून नवी भरती केली असती, तर आज ठाण्याची पायरी चढताना भीती वाटली नसती.’ राहवलं नाही म्हणून लिहितोय. नवे आणणार कुठून होतात? गोरे अधिकारी निघालेले, काही जण पाकिस्तानात गेलेले, पंजाब पेटलेला. अशात होते तेही काढायचे? पटेलांनी ऑक्टोबर १९४६मध्येच प्रांतांच्या पंतप्रधानांना (म्हणजे आजच्या मुख्यमंत्र्यांना) बोलावून आयपीएसचं ठरवून घेतलं. १९४८ला माउंट अबूला अधिकाऱ्यांचं ट्रेनिंग कॉलेज सुरू झालं. आणखी काय करायचं होतं?

माणदेशी: आमच्या साताऱ्यातल्या वडूजला या आणि हे बोला. ९ सप्टेंबर १९४२ला कचेरीवर तिरंगा घेऊन गेलेल्या मोर्चावर गोळीबार झाला, नऊ जण गेले. माझ्या आजीचा चुलतभाऊ त्या मोर्चात होता. पाच वर्षांनी झेंडावंदनाला बंदोबस्त त्याच खात्याचा! आजी म्हातारपणीही खाकी दिसली की दार लावून घ्यायची. तिला माउंट अबूचं काय सांगू?

वाटसरू: आजींबद्दल आदर आहे. पण एका घरच्या दुःखावर देशाचं धोरण ठरत नाही.

माणदेशी: एका घरचं? शब्द मागे घ्या. इंग्रजांचा १८६१चा पोलीस कायदा उराशी धरून बसलात, आणि दुःख आमच्या एका घरचं?

कलमवाला: मुंबई इलाख्याला १८६१चा कायदा लागूच नव्हता. जिल्ह्यांना १८९०चा होता. १९५१ला आपण मुंबई पोलीस कायदा केला. आधी वाचा, मग भांडा.

लाइनीतली पोर: वाचलाय. त्याचं कलम २८ काय म्हणतं? पोलीस कायम कर्तव्यावर समजला जाईल. १८६१च्या कलम २२मध्येही हेच. मग नवं काय केलंत? माझे वडील हवालदार होते. एका गणपतीत सलग चार रात्री बंदोबस्त करून आले आणि बूट न काढताच उंबऱ्यावर झोपले. मी नाड्या सोडल्या तर मोजे पायाला चिकटलेले. अशा माणसानं सकाळी फिर्यादीशी गोड बोलायचं?

कलमवाला: मुद्दा भरतीचा चाललाय, ड्यूटीच्या तासांचा नाही.

लाइनीतली पोर: तासांचाच आहे! कुठल्या अटींवर राबवणार ते ठरलं की कसा माणूस मिळणार तेही ठरतं. तुमच्या घरात कुणी खाकी घातलीय का?

शिपायाचा नातू: माझे आजोबा बेचाळीसला सातारा जिल्ह्यात शिपाई होते. झडती निघायची असली की आदल्या रात्री भूमिगतांच्या घरी निरोप जायचा, तो त्यांच्याकडून. सगळ्यांना काढलं असतं, तर तेही गेले असते. पण माणदेशींचं एक खरं आहे. स्वातंत्र्य आलं तेव्हा आजोबांना कुणी वर्गात बसवून सांगितलं नाही की आता मोर्चा म्हणजे शत्रू नव्हे. नवी बटणं आली. आजीनं कोटावरची मुकुटाची बटणं उसवून सिंहाची लावली. काम उरलं तेच, कवायत आणि लाठी.

वाटसरू: बरं. अधिकाऱ्यांसाठी कॉलेज काढलं आणि शिपाई तसाच सोडला, एवढं मान्य. जुन्यांना काढायला हवं होतं, हे मात्र अजूनही पटत नाही.

माणदेशी: सगळ्यांना काढा असं मी म्हटलंच नव्हतं. गोळी कुणी झाडली, एवढं तरी विचारायचं होतं. आणि ते ‘एका घरचं’ अजून मागे घेतलेलं नाही.