मॉरोविंड पहिल्यांदा खेळणाऱ्याला किती मॉड टाकून द्यायचे? माझं मत: धुकं आणि फासे, दोन्हीला हात लावू नका

राखेचा_पाऊस (धागाकर्ता)

माझा मामेभाऊ, वय 19, याच मालिकेतला पुढचा गेम स्कायरिम दोनदा संपवून बसलाय. दिवाळीत घरी आला तेव्हा म्हणाला, दादा तू सारखं ज्याचं नाव काढतोस तो मॉरोविंड मला लावून दे. मला आनंदच झाला, दोन रात्री जागून 140 च्या आसपास मॉड (खेळणाऱ्यांनी बनवलेले बदल) टाकले, एआयने मोठे केलेले टेक्श्चर (वस्तूंवर चढवलेली चित्रं), नवी झाडं, नवे चेहरे, प्रत्येक वार लागणारी मारामारी आणि बेटाच्या या टोकाहून त्या टोकापर्यंतचं सगळं दिसणारा नजारा. तिसऱ्या दिवशी त्याने बंद केला. म्हणाला चांगलाय, पण छोटाय रे, आणि दिसायला स्कायरिमच बरा.

ते "छोटाय" मनाला फार लागलं. मी 2002 चा हा गेम वर्षानुवर्षं खेळतोय, मला तो कधी छोटा वाटला नाही. विचार करता करता कळलं की छोटा तो मीच करून दिला होता. मूळ गेममध्ये नजर पोचते 7168 युनिटपर्यंत, म्हणजे जेमतेम शंभर मीटर, नकाशाचा एक चौकोन, म्हणजे सेलसुद्धा 8192 चा असतो तोही पूर्ण दिसत नाही. त्यापुढे धुकं. आता बालमोरा गावाहून पहिल्यांदा आर्कन्थँडच्या जुन्या अवशेषांकडे जायचं आठवा. नकाशावर बाण नाही, हॅसफाट नावाच्या पात्राने तोंडी सांगितलेला रस्ता तेवढा डायरीत लिहिलेला. नदी ओलांडायची, मूनमॉथचा किल्ला, पाटी वाचायची, मग फोयाडाची ती राखेची घळ आणि तिच्यावरचा ड्वेमर या लुप्त जमातीचा जुना पूल. तो पूल अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, आपण चुकलो असं वाटून परत फिरायची वेळ आलेली असते आणि तेवढ्यात धुक्यातून दगडी कमान पुढे येते, तो क्षण मला अजून जसाच्या तसा आठवतो. भावाला तो पूल खूप आधीच दिसला. टेकडीवर चढला तर एकीकडे लाल डोंगर, दुसरीकडे समुद्र, सगळं हाकेच्या अंतरावर.

म्हणून म्हणतो, पहिल्या खेपेला बग दुरुस्त करणारा पॅच फॉर प्युरिस्ट्स टाका, ओपनएमडब्ल्यूवर (गेमचं नव्याने लिहिलेलं इंजिन) चालवा, अक्षरं मोठी करा आणि थांबा. धुकं राहू द्या, आणि वार लागतो की हुकतो ते ठरवणारे गेमचे छुपे फासेही राहू द्या. बोला.

रात्रपाळी

असहमत, आणि बऱ्यापैकी असहमत. धुकं हा काही कुणी विचार करून काढलेला दागिना नव्हता, त्या वेळच्या मशीनची मर्यादा होती ती. हाच गेम एक्सबॉक्सवरही चालवायचा होता आणि त्यात मेमरी होती 64 एमबी. पुढे मशीन सुधारली तशी त्याच लोकांनी 2006 च्या ऑब्लिव्हियनमध्ये लांबचे डोंगर दाखवलेच की. मर्यादा निघून गेल्यावरही ती जपून ठेवायची, हे मला पटत नाही.

आणि मारामारीचं तर बोलायलाच नको. मी पाच वर्षांपूर्वी काहीही मॉड न टाकता सुरू केला होता, कारण सगळे असंच सांगत होते. सुरुवातीच्या सेडा नीन गावाबाहेर गुहेत शिरलो, हातात खंजीर, समोरच्या बाईच्या अंगातून खंजीर आरपार जाताना दिसतोय, खसखस आवाज येतोय आणि तिला काही होत नाही. मी सात-आठ वेळा मेलो आणि गेम काढून टाकला. दोन वर्षांनी एका मित्राने प्रत्येक वार लागेल असा मॉड टाकून दिला तेव्हा कुठे पुढचा गेम बघितला आणि आज तो माझा सगळ्यात आवडता गेम आहे. तो मॉड नसता तर मी आज या धाग्यावर नसतो. मला ड्युटी संपल्यावर दोन तास मिळतात, त्यातले दीड तास हवेत खंजीर फिरवण्यात घालवायला कोण तयार होईल?

टेलवानी_मशरूम

रात्रपाळी, तुमचा राग रास्त आहे पण खंजीर लागत का नव्हता ते बघा. हिशोब असा असतो: हत्याराचं कौशल्य, अधिक चपळाईचा पाचवा हिस्सा, अधिक नशिबाचा दहावा हिस्सा, आणि या बेरजेला थकव्याने गुणायचं. दम पूर्ण असेल तर सव्वापट, दम संपलेला असेल तर पाऊणपट.

समजा चपळाई 40, नशीब 40 आणि तलवारीचं कौशल्य 30, तर बेरीज 42. दम पूर्ण असताना 52 टक्के, दम संपल्यावर 31. त्यातून समोरच्याची चुकवण्याची ताकद अजून वजा व्हायचीय. आता तुम्ही खंजीर उचललात आणि तुमच्या कॅरेक्टरचं खंजिराचं कौशल्य 5 असेल तर बेरीज 17, आणि गुहेपर्यंत धावत गेलात म्हणजे दम संपलेला, म्हणजे शंभरात बारा-तेरा वार. कुणीही गेम काढून टाकेल! पण त्याच माणसाने कॅरेक्टर करताना निवडलेलंच हत्यार धरलं, गुहेच्या तोंडाशी जरा थांबून दमाची हिरवी पट्टी भरू दिली, तर निम्मे वार लागतात. मॉडची गरज नाही, शेजारी बसून दोन वाक्यं सांगणाऱ्या माणसाची गरज आहे.

रात्रपाळी

पण हे गेमने पडद्यावर दाखवायला नको का? टक्केवारी कुठेच दिसत नाही. खेळणाऱ्याला शेजारी माणूस लागतो हीच तर त्रुटी आहे, आणि ज्याच्या शेजारी कुणी नाही त्याच्यासाठी मॉड आहे.

गोगलगाय

मी मधली आहे या वादात. वार हुकणं मला चालतं कारण पुढे 80 कौशल्य झालं की आपण खरंच तरबेज झालोय हे हाताला जाणवतं, स्कायरिममध्ये ते तसं कधीच जाणवलं नाही. पण लेव्हल वाढवायची पद्धत मात्र बदलाच, पहिल्या खेपेलासुद्धा. मूळ पद्धतीत लेव्हलला कुठल्या गुणाला दोन मिळणार आणि कुठल्याला पाच, हे त्या लेव्हलमध्ये कोणकोणती कौशल्यं वाढली त्यावर ठरतं, आणि सहनशक्ती उशिरा वाढवली तर आधीच्या लेव्हलांचं हेल्थ परत मिळत नाही. हे एकदा कळलं की माणूस गोष्ट सोडून वहीत आकडे मांडत बसतो, मी अख्खी एक वही भरली होती. गुण आपोआप वाढवणारा मॉड टाकला आणि वही बंद झाली.

राखेचा_पाऊस (धागाकर्ता)

@गोगलगाय हे मान्य, पूर्ण मान्य, यादीत घेतो. त्या मॉडने जगातलं काही बदलत नाही, फक्त डोक्यातला हिशोब जातो.

@रात्रपाळी धुकं मशीनमुळे होतं हे मलाही माहितीय, त्याबद्दल वादच नाही. पण ज्यांनी हे बेट मांडलं त्यांनी ते धुक्यात बघत बघत मांडलंय. रस्ते उगाच वळतात, दोन गावांच्या मधे एक टेकडी आडवी येते, सरळ गेलं तर दोन मिनिटांचं अंतर फिरून पाच मिनिटांचं होतं. घर लहान असेल तर मधे एक पडदा लावतात ना, तसं आहे ते. पडदा काढला की सगळं घर दारातून दिसतं. कारण काहीही असो, पडदा धरूनच सामान लावलंय.

जुना_डबा

मी हा गेम 2003 मध्ये कॅफेत खेळलोय, तासाला वीस रुपये देऊन, सेव्ह फाइल सीडीवर घेऊन जायचो. तेव्हा धुकं त्याहून जवळ आणावं लागायचं नाहीतर अडकत चालायचा. तरी सांगतो, आता परत तसा खेळवत नाही. मी ओपनएमडब्ल्यूमध्ये अंतर अडीच-तीन सेलवर ठेवतो आणि धुकं जरा दाट करतो. समोरचं गाव धूसर दिसतं, पुढचा डोंगर आहे की ढग ते कळत नाही. सगळं उघडं किंवा सगळं झाकलेलं, असं दोनच पर्याय असल्यासारखं का भांडताय? एक आकडा बदलायचाय फक्त.

टेक्श्चरच्या बाबतीत मात्र धागाकर्त्याच्या बाजूने आहे. एआयने मोठं केलेलं टेक्श्चर लांबून छान दिसतं, पण जवळ जाऊन गालिचा बघा, बालमोरातल्या कुठल्याही घरात. मूळ चित्रात विणकामाचे ठिपके होते, ते वितळून मेणासारखे झालेत. त्यापेक्षा हाताने नव्याने काढलेले पॅक घ्या, थोडे कमी असले तरी चालतील.

समईवात

कुणी आवाजाबद्दल का बोलत नाहीये? या गेममध्ये बहुतेक संवाद वाचायचे असतात, बोललेलं फार थोडं. माझ्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय आणि अर्ध्या तासापुढे स्क्रीनवरचं बारीक वाचता येत नाही. एआयने सगळे संवाद बोलून दाखवणारे मॉड आलेत, त्यातला एक टाकला आणि विवेक शहरातल्या देवळातली सगळी कामं ऐकत ऐकत पूर्ण केली. मूळच्या शुद्धतेच्या गप्पा करताना हे पण लक्षात ठेवा.

टेलवानी_मशरूम

समईवात, तुमच्यासाठी तो मॉड आहे याचा खरंच आनंद आहे. माझा आक्षेप एवढाच की ज्या कलाकारांनी तेव्हा थोड्या ओळी बोलल्या, त्यांच्या आवाजाचा साचा करून हजारो ओळी बोलवून घेतल्या आणि त्यांना कुणी विचारलं नाही. डन्मर जमातीच्या पुरुषाचा तो घोगरा आवाज एका माणसाच्या घशातून आलाय. कुठल्याही खऱ्या माणसाची नक्कल न करता साध्या संगणकी आवाजात वाचून दाखवणारा मॉड असेल तर तो मी स्वतः सगळ्यांना सुचवेन.

समईवात

साधा आवाज मलाही चालेल. मला ऐकू येण्याशी मतलब आहे.

रात्रपाळी

बरं मग टॅमरियल रीबिल्टचं काय? स्वयंसेवकांनी 2001 पासून, म्हणजे गेम यायच्याही आधीपासून, मुख्य भूमी बांधायला घेतलीय आणि अजून तुकड्यातुकड्याने देतायत. बाजूला जोडलेली नवी जमीन आहे, मूळ बेटाला धक्का नाही. त्यालाही पहिल्या खेपेला बंदी?

राखेचा_पाऊस (धागाकर्ता)

बंदी कशाला, माझं त्यावर प्रेम आहे. पण नवख्याला बंदरावर बोटीची दहा गावं दिसली की तो मुख्य गोष्टीतल्या केयसने सांगितलेलं काम सोडून तिकडे जातो आणि मुख्य गोष्ट राहूनच जाते. बेट संपलं की टाकावं, ते कुठे पळून जात नाहीये.

गोगलगाय

चालण्याचा वेग राहिला! सुरुवातीला इतकं हळू चालतात की गोगलगाय हे नाव मी तिथूनच घेतलंय. वेग वाढवायचा मॉड तरी द्या त्या पोराला.

टेलवानी_मशरूम

नको, गेममध्येच सोय आहे. कॅल्डेराजवळच्या रस्त्यावर एक बाई भेटते, नार मॉक गावापर्यंत सोबत मागते, तिला पोचवलं की बूट देते. वेग 200 ने वाढतो पण घातले की डोळ्यापुढे पूर्ण अंधार. मग जादूपासून बचावाचा मंत्र आधी म्हणायचा, घालायचे, आणि मंत्र संपला तरी दिसत राहतं. कॅरेक्टर ब्रेटन जमातीचं असेल तर निम्मं काम जन्मतःच झालेलं. ही युक्ती स्वतःला सुचली तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो. वेगाचा मॉड टाकला तर ते बूट म्हणजे नुसतं ओझं.

जुना_डबा

अरे पण आता तू ती युक्ती सांगून टाकलीस ना सगळ्यांना! @धागाकर्ता हा प्रतिसाद भावाला दाखवू नका.

राखेचा_पाऊस (धागाकर्ता)

नाही दाखवत. काल रात्री त्याच्या लॅपटॉपवर सगळं पुसून नव्याने लावलं: बग दुरुस्ती, मोठी अक्षरं, लेव्हलचा मॉड, आणि जुना_डबा यांचं ऐकून अंतर दोन सेल, धुकं दाट. फासे तसेच. रात्रपाळी, तुमच्यासाठी एवढं केलं की कॅरेक्टर करताना शेजारी बसलो आणि त्याने भाला निवडला तर भालाच हातात धर, धावून गेलास तर आधी थांब, एवढंच सांगितलं. आत्ता त्याचा मेसेज आलाय, आर्कन्थँडच्या दारासमोर वीस मिनिटं उभा आहे, दार उघडत नाहीये, काय करू?

रात्रपाळी

सांगू नका. बाजूच्या पाइपवरचं चाक त्यालाच सापडू दे.