चौथं श्वापद रोमच का?

बायबलमधल्या दानीएलच्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात चार श्वापदं म्हणजे एकामागून एक येणारी चार राज्यं. त्यातलं चौथं म्हणजे रोमच, असं ठामपणे म्हटलं जातं; ते मला पटत नाही. आठवा अध्याय शेजारी ठेवून वाचा. तिथे गब्रीएल हा देवदूत स्वतःच दृष्टान्ताचा उलगडा करतो: दोन शिंगांचा एडका म्हणजे मेद-पारसाचे राजे, बकरा ग्रीसचा. याच बकऱ्याचं, मंदिरातला नित्याचा बळी बंद पाडणारं लहान शिंग म्हणजे ग्रीक वंशाचा राजा अंतियोख चौथा, इ.स.पू. १६७. सातव्या अध्यायातल्या चौथ्या श्वापदालाही असंच लहान शिंग आहे, म्हणून तेही ग्रीसच असावं. मात्र ग्रीस चौथं धरायचं तर मेद आणि पारस वेगळे मोजावे लागतात (बाबेल, मेद, पारस, ग्रीस), आणि इथे ते एकाच एडक्यावर आहेत. ही अडचण खरीच आहे.

रोमचं वाचन नंतरचं. इ.स. ७० मध्ये यरुशलेमचं मंदिर पडल्यानंतर लिहिलेल्या चौथ्या एज्रा या यहुदी ग्रंथात (अध्याय १२) दृष्टान्तातल्या गरुडाविषयी, म्हणजे रोमविषयी, चक्क सांगितलंय, की दानीएलला दिसलेलं चौथं राज्य हेच, पण त्याला असा अर्थ सांगितला नव्हता. म्हणजे अर्थ बदलतोय हे त्या लेखकालाही ठाऊक होतं.