आईचं रेडिएशन चालू आहे, हळद द्यावी का?

हरिपूरची लेक: आईला स्तनाचा कॅन्सर, मिरजेत रेडिएशन चालू आहे. कातडी लाल पडलीय. मामी म्हणतात, घरचीच हळद आहे, दुधातून भरपूर दे, वर लेपही लाव. देऊ का?

आयर्विनपूल: लेप अजिबात नको, ताई. मी रेडिओथेरपी विभागात काम करतो. किरणांमुळे पेशीतल्या पाण्यापासून हायड्रॉक्सिल रॅडिकल (फार क्रियाशील कण) तयार होतात, ते डीएनए तोडतात. हळदीतलं कर्क्युमिन त्यांना पकडतं, म्हणून त्वचा वाचेल अशी खूप आशा होती. ३० रुग्णांच्या चाचणीत रोज ६ ग्रॅम कर्क्युमिनने त्वचेचा दाह कमी झाला, पण २०१८ साली ६८६ रुग्णांच्या चाचणीत फारसा फरक दिसला नाही. आणि ज्या रॅडिकलनी गाठ मारायची, तेच विझले तर? भाजी-आमटीतली हळद चालू द्या. कर्क्युमिनच्या कॅप्सूल मात्र डॉक्टरांना विचारूनच.

पेठनाका: मग तुळशीचा काढा? वडिलांना देतोय.

आयर्विनपूल: तुळशीतल्या ओरिएंटिन-विसेनिन या घटकांनी किरणांपासून उंदीर वाचले, तेही किरणं देण्याआधी इंजेक्शन देऊन. काढ्यावर भिस्त ठेवू नका, दादा. डॉक्टरांना सांगून ठेवा.

हरिपूरची लेक: उद्या कातडी दाखवते. तोवर?

आयर्विनपूल: कोमट पाणी, सौम्य साबण, सैल सुती ब्लाउज. किरणं कुठे द्यायची त्यासाठी अंगावर केलेल्या खुणा मात्र पुसू देऊ नका.